एसीची जाळी आणि आमच्याकडची काजळी

सांगलीत गळीत हंगाम सुरू झाला की दोरीवरच्या पांढऱ्या कपड्यांवर बारीक काळ्या काड्या दिसायला लागतात. पाचट, म्हणजे उसाची वाळलेली पानं, पेटवल्यावर उडणारी काजळी ती. अण्णांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, दमा आहे. त्यामुळे त्यांच्या खोलीतल्या एसीची जाळी मी मेकॅनिकच्या भरवशावर सोडत नाही. मार्चमध्ये एसी लावायच्या आधी ती निघतेच, आणि पुढे उन्हाळाभर दर पंधरा दिवसांनी.

मेन स्विच बंद करायचा, पुढचं झाकण उचलायचं, जाळी किंचित वर ढकलून अलगद खाली ओढायची. धूळ बसलीय त्याच्या उलट बाजूने पाणी सोडायचं, नाहीतर ती छिद्रांत आणखी घट्ट बसते. कढत पाणी आणि कडक ऊन दोन्ही नको, प्लास्टिक वाकतं. आणि पूर्ण वाळल्याशिवाय बसवायची नाही. ओल्या जाळीचा कुबट वास दम्याच्या माणसाला फार त्रास देतो.

शेजारच्या काकूंनी मायेने सुचवलं, जाळीवर मलमलचं कापड लाव, धूळ आणखी अडेल. मी लावू दिलं नाही. हवा कमी ओढली गेली की आतली कॉइल, म्हणजे हवा थंड करणाऱ्या नळ्या, जास्तच गार पडत जाते, तिच्यावर बर्फ धरतो आणि मग तो वितळून भिंतीवर पाणी ओघळतं. गॅस कमी झाला तरीही बर्फ धरतो, म्हणून पुष्कळ घरांत आधी गॅस भरला जातो. जाळी आधी बघा!

माझा भाऊ अमेरिकेत असतो. त्याच्या घरी थंडीत फर्नेस, म्हणजे घर गरम ठेवणारं यंत्र, चालते, तिला पुठ्ठ्याच्या चौकटीचा फिल्टर. त्यावर मर्व्हचा आकडा असतो, १ ते १६. आकडा जितका मोठा, तितकी बारीक धूळ अडते, पण फिल्टर फार दाट झाला की पंख्याला हवा ओढणं जड जातं. चौकटीवरचा बाण हवा जाते त्या दिशेला, फर्नेसकडे ठेवायचा. यंत्र वेगळं, पण हिशेब तोच.

आपल्या एसीची जाळी धूर मात्र अडवत नाही. पाचट पेटलं की आम्ही खिडक्या लावून घेतो आणि अण्णांच्या खोलीत हेपा फिल्टरचा प्युरिफायर चालू करतो. ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण तो फिल्टर अडवतो. आमच्या प्युरिफायरचा फिल्टर धुवायचा नसतो, बदलावाच लागतो. हंगाम संपला की मी नवा मागवते.