माईची कंबर आणि कापूस वेचणी

आज माईला घेऊन धुळ्याला फिजिओथेरपिस्टकडे गेलो. वेचणी सुरू झाली की आमच्या पारोळ्याकडच्या बायांची कंबर धरतेच. दिवसभर वाकून काम, त्यात कमरेला बांधलेल्या कापसाचं ओझं.

मॅडमनी माईच्या पाठीला उभी काठी लावली. डोकं, पाठ, माकडहाड तिन्ही काठीला टेकलेलं ठेवायचं, गुडघे जरा सैल सोडायचे आणि वाकायचं ते खुब्यातून. दोन-तीनदा काठी सुटली, मग जमलं. माई काय खुलली! नंतर सतरंजीवर हात-गुडघे टेकून उजवा हात पुढे, डावा पाय मागे, कंबर न हलवता 8 ते 10 सेकंद. मग बाजू बदलायची. कॅनडाचे पाठीच्या कण्याचे अभ्यासक स्टुअर्ट मॅकगिल यांच्या तीन व्यायामांपैकी हा एक.

कळ पायात उतरली तर थांबायचं. पाय बधिर झाला किंवा लघवीवरचा ताबा गेला तर तडक डॉक्टर गाठायचा.

"पडून राहा" सांगणारे खूप भेटले, पण नुसतं पडून कंबर आणखी आखडते. शेतात राबणाऱ्या बायांना हे कुणी शिकवत नाही, याचं फार वाईट वाटतं. रविवारी सकाळी गल्लीतल्या काकू-मावश्यांनी आमच्या ओट्यावर या. काठी, सतरंजी आमची.