तुम्ही विचारलंत म्हणून: ठेवणीतला स्कर्ट आणि साधा मंगळवार

“एवढ्या उन्हात, कुठला समारंभ नसताना, तुम्ही रोज अशा नटून कशा निघता, आणि त्याने मनाला खरोखरच बरे वाटते का?” हा प्रश्न मला दर उन्हाळ्यात विचारला जातो. विचारणाऱ्यांपैकी काहींना नुसते कुतूहल असते, काहींच्या स्वरात किंचित नापसंती असते, आणि काहींना स्वतःलाच तसे करून पाहायचे असते, मात्र कुणीतरी आधी ‘चालेल’ म्हणावे अशी त्यांची अपेक्षा असते. हे उत्तर मी मुख्यतः या शेवटच्या मंडळींसाठी लिहीत आहे. हो, बरे वाटते. मात्र ते कशामुळे वाटते, याविषयी माझे मत प्रचलित समजुतीपेक्षा थोडे वेगळे आहे.

सहा वर्षांपूर्वी आईच्या दीर्घ आजारपणात मी तिच्याजवळ राहत होते. तो संपूर्ण उन्हाळा मी दोन राखाडी सदऱ्यांवर काढला; एक अंगावर, दुसरा दोरीवर. वेळ नव्हता असे मी तेव्हा म्हणत असे, परंतु खरे कारण असे होते की आपण काय घालतो याने काही फरक पडत नाही, असे मी मनोमन ठरवून टाकले होते. एका मंगळवारी दोन्ही सदरे ओले राहिले आणि नाइलाजाने मी कपाटाच्या तळातून एक पिवळा सुती स्कर्ट काढला, ज्यावर निळ्या माशांची नक्षी छापलेली होती. तो मी चार वर्षे ‘ठेवणीतला’ म्हणून जपला होता. तो घालून औषधे आणायला निघाले, तेव्हा बसथांब्यावर उभ्या असलेल्या एका लहान मुलाने मोठ्याने मासे मोजायला सुरुवात केली. ३१ पर्यंत पोहोचला आणि त्याची बस आली. घरी परतल्यावर आईने, जी त्या दिवसांत फारशी बोलतच नसे, मला विचारले, “आज कुठे निघाली होतीस?” मी म्हटले, “कुठेच नाही, औषधांना.” त्यावर ती हसली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिने स्वतःहून विचारले, “आज काय घालणार आहेस?” पुढचे दोन महिने आमच्या घरातली सकाळ त्या प्रश्नाने सुरू होत असे.

तेव्हापासून मी या गोष्टीकडे गांभीर्याने पाहू लागले, आणि पहिला धडा मिळाला तो कापडाचा. अंगाची लाही लाही होत असताना कोणताही रंग मन प्रसन्न करू शकत नाही. घाम नुसता येऊन भागत नाही, तो सुकावा लागतो. एक लिटर घाम त्वचेवर पूर्ण सुकताना शरीरातली सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. अंगाला चिकटलेला, हवा न खेळू देणारा कपडा नेमका तोच मार्ग अडवतो. म्हणून तलम सुती किंवा लिननचे, काखेत आणि कमरेशी सैल, घोळदार कपडे मी आधी निवडते आणि रंगाचा विचार त्यानंतर करते. उन्हाळ्यात फक्त पांढरे आणि फिकटच घालावे, हा समज मात्र तपासून घेण्यासारखा आहे. वाळवंटातल्या बेदुइन या भटक्या अरब लोकांच्या काळ्या झग्यांचा अभ्यास १९८० मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला होता. काळा झगा अधिक उष्णता शोषून घेतो, तरीही ती जास्तीची उष्णता त्वचेपर्यंत पोहोचण्याआधीच बाहेर टाकली जाते आणि आतल्या माणसाला काळ्या व पांढऱ्या झग्यात सारखीच उष्णता लागते, असे त्यात आढळले. झगा सैल होता आणि वारा वाहत होता, हे त्यातले महत्त्वाचे. गडद, विणीला घट्ट कापड अतिनील किरणांनाही अधिक अडवते, तर विरळ पांढऱ्या कापडातून ते सहज आत शिरतात. तेव्हा उन्हाळ्यात मोरपंखी, डाळिंबी किंवा गर्द हिरवा रंग घालायला संकोच नको, कपडा सैल असला म्हणजे झाले.

शरीर एकदा निवांत झाले की खेळ सुरू होतो, आणि माझे सारे प्रेम या खेळावर आहे. आपल्या भाषेत रंगांची नावे पाहा: पोपटी, अबोली, मोरपंखी, राणी, जांभळा, आकाशी. ही नावे उच्चारतानाच डोळ्यांसमोर काहीतरी हलते, उडते, फुलते. उन्हाळ्यात मी कपाटासमोर उभी राहते तेव्हा ‘आज कोणता कपडा’ असे विचारण्याऐवजी ‘आज कोणाबरोबर दिवस घालवायचा’ असे स्वतःला विचारते, आणि पोपटांच्या नक्षीचा शर्ट किंवा छत्र्यांच्या नक्षीचा झगा ही त्याची उत्तरे असतात. खेळ मोठा असण्याचीही गरज नसते. एका साध्या पांढऱ्या शर्टाची सहाही बटणे मी सहा रंगांची लावून घेतली आहेत. एका स्कर्टच्या खिशाला आतून ठिपक्यांचे अस्तर आहे, जे केवळ मलाच ठाऊक असते आणि कंटाळवाण्या बैठकीत हात खिशात गेला की आठवते. फुलाफुलांच्या सदऱ्यावर चट्टेपट्ट्यांचा रुमाल बांधू नये असे मला लहानपणी शिकवले गेले होते; तो नियम मी मोडला, आणि दोन्हींत एक रंग समान असला की ती जोडी उत्तम जमते, असे मला आढळले. नियम मोडण्यातून किती आनंद निर्माण होऊ शकतो, याचे मला आवडणारे उदाहरण फिनलंडमधल्या ‘मारिमेक्को’ या वस्त्रसंस्थेचे आहे. संस्थापिका आर्मी रातिया यांनी फुलांची नक्षी काढायची नाही असे जाहीर केलेले असताना, चित्रकार माइया इसोला यांनी १९६४ मध्ये भल्यामोठ्या पॉपीच्या फुलांची ‘उनिक्को’ ही नक्षी काढली. ती स्वीकारली गेली आणि आजही छापली जाते.

आता ‘खरोखरच’ या शब्दाविषयी. अशा पेहरावाला अलीकडे ‘डोपामाईन ड्रेसिंग’ म्हणतात; डोपामाईन हे मेंदूतले, आनंदाशी जोडले जाणारे एक रसायन. नाव आकर्षक असले तरी, पिवळा कपडा घातला की मेंदूत अमुक इतके डोपामाईन वाढते असे सिद्ध झालेले नाही, आणि तसे कुणी सांगितले तर मी मान्य करत नाही. कपड्यांचा मनावर परिणाम होतो का, याविषयी हाजो ॲडम आणि ॲडम गॅलिन्स्की या संशोधकांचे २०१२ मधले प्रयोग प्रसिद्ध आहेत. एकच पांढरा कोट काहींना डॉक्टरांचा म्हणून आणि काहींना रंगाऱ्याचा म्हणून दिला, तेव्हा डॉक्टरांचा समजून तो घालणाऱ्यांचे लक्ष अधिक चांगले राहिले. पुढे २०१९ मध्ये त्यांपैकी एक प्रयोग मोठ्या गटावर पुन्हा केला असता तोच परिणाम दिसला नाही, त्यामुळे मी त्यावर फार भार टाकत नाही. माझ्या अनुभवातून मला असे वाटते की रंगापेक्षाही सकाळी स्वतःसाठी केलेली निवड अधिक काम करते. इतर सगळ्या गोष्टी करायच्याच म्हणून केल्या जात असताना, ही एक गोष्ट आपण आवडते म्हणून करतो. त्यातच समोरची माणसे त्या नक्षीकडे पाहून बोलतात, मुले मासे मोजतात, आणि दिवसात आपण न ठरवलेला संवाद घडतो. म्हणूनच ज्याला उजळ रंग आवडत नाहीत त्याने ते ओढूनताणून घालू नयेत. काळ्या कपड्यांवर चांदणीचे एक लहानसे पदक लावून माझी एक मैत्रीण माझ्याइतकीच आनंदी असते.

“वयाला शोभते का?” हा उपप्रश्न मला फार दुखावतो, कारण तो बहुधा अशा बायकांना विचारला जातो ज्यांनी तरुणपणी इतरांच्या सोयीने कपडे घातले आणि आता कुठे हौस पुरवायला मोकळ्या झाल्या आहेत. शोभण्याचे वय ठरवण्याचा अधिकार पाहणाऱ्याला का असावा, हे मला कधीही पटलेले नाही. कामाच्या ठिकाणी अडचण येत असेल तर खेळ लहान ठेवावा; मोजे, रुमाल, घड्याळाचा पट्टा पुरे होतो. जपानने तर २००५ पासून ‘कूल बिझ’ या मोहिमेत कार्यालयांतली वातानुकूलन यंत्रणा २८ अंशांवर ठेवून कर्मचाऱ्यांना उन्हाळ्यात टाय आणि कोट काढून ठेवायला सरकारी पातळीवरच सांगितले.

एक गोष्ट स्पष्ट सांगितलीच पाहिजे. मनावरचे मळभ दोन आठवड्यांहून अधिक टिकले, झोप आणि भूक बिघडली, आवडत्या गोष्टींतला रस गेला, तर तो कपड्यांचा विषय राहत नाही आणि डॉक्टरांकडे जायला हवे. त्या उन्हाळ्याच्या शेवटी मी स्वतःही गेले होते.

सुरुवात कुठून करावी असे विचाराल, तर ‘पुढे कधीतरी’ म्हणून जपलेली एकच वस्तू बाहेर काढा. ती धुवून वाळवा, कारण बंद कपाटाचा वास लगेच जात नाही. घालून हात वर करा, खाली वाका, जिना चढून पाहा. कुठे आवळत असेल तर उसवून सैल करून घ्या. नंतर येत्या आठवड्यातला असा दिवस निवडा ज्या दिवशी काहीही विशेष घडणार नाही, आणि आदल्या रात्रीच ती खुंटीवर अडकवून ठेवा.

माझा पिवळा स्कर्ट आता बराच विटला आहे. त्यावर ४६ मासे होते, हे मी नंतर मोजून पाहिले. मागच्या वर्षी तो गुडघ्यापाशी फाटला तेव्हा आईने तिथे लाल कापडाचा एक मासा शिवून दिला, आणि आता ते ४७ झाले आहेत.