नाकाची परीक्षा आणि आपल्या रानातले वास

डोळ्यांचा नंबर काढतात, कानांची तपासणी होते. पण नाकाचंही मोजमाप होतं, हे जर्मनीतल्या ड्रेस्डेनला येईपर्यंत माझ्या ध्यानीमनी नव्हतं. इथल्या विद्यापीठाच्या रुग्णालयात वास आणि चव यांसाठी वेगळं केंद्र आहे. एका अभ्यासासाठी निरोगी माणसं हवी होती, म्हणून मी नाव दिलं.

तपासणी स्केचपेनसारख्या पेनांनी होते. आत शाईऐवजी वास. नाव ‘स्निफिन स्टिक्स’. वासाचे अभ्यासक थॉमस हुमेल आणि सहकाऱ्यांनी ती १९९७ मध्ये मांडली. डोळ्यांवर पट्टी बांधतात आणि तीन पेनं एकामागून एक नाकाखाली धरतात, टोपण जेमतेम दोन-तीन सेकंद उघडं. दोन पेनांत नुसतं बिनवासाचं द्रावक, एकात गुलाबासारखा वास, तोही अगदी विरळ. कोणत्या पेनात आहे ते सांगायचं. सलग दोनदा बरोबर आलं की आणखी विरळ, चुकलं की थोडा दाट. अशा १६ पायऱ्यांवर वरखाली करत तुमच्या नाकाची हद्द सापडते. दुसऱ्या भागात तिघांतला वेगळा वास ओळखायचा, तिसऱ्यात चार पर्यायांतून वासाचं नाव सांगायचं. एकूण गुण ४८. १६ च्या खाली आले तर वास जवळजवळ येतच नाही असं धरतात.

मला तिथे बसल्या बसल्या घरची कणगी आठवली. माय ज्वारीत हात घालते, मूठ नाकाशी नेते आणि लगेच सांगते, “कुबट लागली.” तीच मूठ बाबा हुंगतात आणि म्हणतात, “मले तं चांगली वाटते.” यावरून घरात किती वर्षं वाद चालू आहे! दोघंही खरंच सांगत असणार. वास टिपणाऱ्या ग्राहींची जवळपास ४०० जनुकं माणसात काम करतात, आणि कोणती चालू, कोणती मंद, हे माणसागणिक बदलतं. या जनुकांचा शोध लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सेल यांनी १९९१ मध्ये लावला, २००४ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. इथल्या सहकाऱ्यांसाठी मी सांबारवडी केली होती. एकीला पहिल्याच घासाला साबणाचा वास आला. आपल्या सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, वासातल्या आल्डिहाइड नावाच्या रसायनांना ओळखणाऱ्या एका जनुकाशी या साबणवासाचा संबंध २०१२ मध्ये दाखवला गेला आहे. बिचारीनं संकोचून अर्धी वडी तशीच ठेवली. मला मात्र तिचं म्हणणं पटलं.

तपासणीच्या तिसऱ्या भागाबद्दल माझं मत वेगळं आहे. विरळ वास टिपायला भाषा लागत नाही, नाव सांगायला लागते. त्या पेनांत टर्पेंटाइन आहे, ज्येष्ठमधाच्या गोळ्या आहेत. पर्यायांत पीच, प्लम अशी फळं. मायला तिथे बसवलं तर तिचे गुण कापले जातील, आणि तिचं नाक तर घरात सगळ्यांत तल्लख. म्हणूनच अनेक देशांनी या यादीतले वास आपापल्या ओळखीचे करून घेतले. आपल्याकडच्या यादीत मोहफूल हवं, सरकीची ढेप हवी, उकडलेल्या तुरीच्या शेंगा हव्यात, सांबार तर हवाच.

हे एवढं कळकळीनं लिहितोय ते बाबांमुळे. ते वर्षानुवर्षं कपाशीवर फवारणी करतात. २०१७ साली आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली, ते कोणीच विसरलेलं नाही. अमेरिकेतल्या शेतकऱ्यांच्या अभ्यासात, ज्यांच्या अंगावर कधी मोठ्या प्रमाणात कीटकनाशक सांडलं-उडालं होतं, त्यांच्यात वास कमी झाल्याची तक्रार जास्त आढळली. बाबांचं नाक जन्मापासून असंच आहे की फवारणीनं झालं, हे आज कोणीच सांगू शकत नाही, कारण आधी कोणी मोजलंच नाही. आणि हे फक्त ज्वारीपुरतं नाही. सिलिंडरमधल्या गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचं मर्कॅप्टन मिसळतात. ज्याला तोच येत नाही, त्यानं घरात एकटं असताना काय करायचं? पार्किन्सन्स या कंपवाताच्या आजारातही हात थरथरायला लागायच्या कितीतरी वर्षं आधी वास कमी होऊ शकतो.

मृग लागायच्या आधी गावी येतोय. बाबांना नागपूरला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे नेणार आहे. गावातल्या फवारणीवाल्यांपैकी आणखी कोणाला यायचं असेल तर मायजवळ निरोप ठेवा, गाडी एकच करू.