म्हस याली

१२ नोव्हेंबर, रात्री

पहाटे साडेपाचला काकूचा फोन. "म्हस याली बघ, रेडी झालीय!" रेडी म्हणजे मादी रेडकू. मागून काकांचा आवाज, वार, म्हणजे पिल्लामागून पडते ती झिल्ली, अजून पडायचीय म्हणून सांग तिला.

धाकटी उठून बसली, म्हणे याली म्हणजे कुठून आली? म्हटलं आली नाही गं, व्याली, विणे. तर तिला ते लोकरीचं विणणं वाटलं. तिच्याकडे 'जन्म देणे' आहे, फार तर 'डिलिव्हरी', विणे तिने कधी ऐकलंच नव्हतं. वाईट वाटलं मला, कारण या एवढ्याशा शब्दामागे गोठ्यातलं अख्खं वर्ष असतं. ८ जानेवारीला म्हैस गाभण राहायला भरवली तेव्हाच काकांनी कॅलेंडरवर गोल केला होता, म्हशीचे दहा महिने दहा दिवस म्हणजे साधारण ३१० दिवस, गाईचे महिनाभर कमी, मग शेवटचे दोन महिने दूध आटवायचं, मग कास भरली का, शेपटीजवळ खड्डे पडले का हे रोज संध्याकाळी हात लावून बघायचं, आणि मग काका म्हणणार, आज-उद्या व्यायची. पाखरांचा विणीचा हंगाम म्हणतात ना, ती वीण पण यातलीच.

बाई मात्र बाळंत होते, व्यात नाही, हे आजीने लहानपणीच सांगितलेलं. नऊ वर्षांपूर्वी धाकटी झाली तेव्हा दवाखान्यात, माझे टाके ओले असताना, सासरकडच्या एक बाई दाराशी म्हणाल्या, परत पोरगीच व्याली. त्यांना वाटलं मी झोपलेय. त्यानंतर मला हा शब्द ऐकवेना, गोठ्यातल्या जनावरासाठीसुद्धा मी डिलिव्हरीच म्हणायचे. आज काकूच्या तोंडून तोच शब्द आला आणि रेडी झाली म्हणून तिचा आवाज नुसता फुललेला, घरात दूध वाढणार, गोठा वाढणार, मी फोन ठेवून किती तरी वेळ ओट्यापाशी उभी होते.

संध्याकाळी धाकटीनेच फोन लावला. वार दहाच्या सुमाराला पडली म्हणे, रेडी उभी राहून चीक प्यायली, उरलेल्या चिकाचा खरवस लावलाय, शनिवारी या.

"काकूआजी, मग आता परत कधी विणार ती?"

"सगळं नीट झालं तर सव्वा वर्षानं गं बाळा. आधी हिचा खरवस तरी खा."