रेशनकार्ड आधी दाखवा

"अक्का, पैसे बुडवत नाही ओ. पण वहीत तेवढं नाव नका लिहू."

आमच्या दवाखान्याच्या बिलाच्या काउंटरवर बेळगावजवळच्या खानापूरकडचे एक मामा. मामींचं ऑपरेशन झालेलं, डिस्चार्ज तयार, बिलातले बरेच पैसे बाकी. बोलता बोलता त्यांनी रुमालाची गाठ सोडली आणि मामींच्या कुड्या काउंटरवर ठेवल्या. एकीची फिरकी हरवलेली, तिथं दोरा गुंडाळलेला.

कुड्या मी परत त्यांच्या हातात दिल्या. डॉक्टरांशी बोलून हप्ते ठरवले, तारखा मराठीत लिहून दिल्या.

पण पिशवीतून कागद काढताना बीपीएल रेशनकार्ड दिसलं आणि जीव कळवळला. आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक योजनेत बीपीएल कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. एपीएलवाल्यांचाही, म्हणजे दारिद्र्यरेषेच्या वरच्यांचाही, पॅकेजचा (उपचाराच्या ठरलेल्या दराचा) 30 टक्के खर्च सरकार उचलतं. तातडीचं नसेल तर आधी सरकारी दवाखान्याचं रेफरल, म्हणजे पुढं पाठवल्याची चिठ्ठी, लागतं, मग योजनेतलं हॉस्पिटल. आमचा दवाखाना योजनेत नाही. मामींचं ऑपरेशन तर ठरवून केलेलं, आठवडाभर थांबता आलं असतं. हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं, आणि फलक सगळे कन्नडमध्ये.

ॲडमिट करताना पैशाचं काढलं की लोकांना माणुसकी सोडल्यासारखं वाटतं. मला उलट वाटतं. तेव्हाच बसवून, त्यांच्या भाषेत, खर्च आणि योजना दोन्ही सांगायला हव्यात. उद्यापासून मी पेशंटच्या नावाआधी रेशनकार्ड विचारणार आहे.

तुमच्या गावात हे सगळं आधी सांगणारं कुणी आहे का?