रासेयोचं स्क्रॅपबुक: कागद, गोंद आणि जाडीचा हिशेब

राष्ट्रीय सेवा योजनेच्या (रासेयो) युनिटांची स्क्रॅपबुकं कलेत क्वचितच कमी पडतात. मार खातात ती मापात आणि गोंदात. २४ सप्टेंबरच्या स्थापना दिनाला टेबलावर मांडलेली वही पुढच्या जूनमध्ये उघडून बघा: फोटोंचे कोपरे उचललेले, पानं पन्हाळीसारखी वळलेली, बातम्यांची कात्रणं पिवळी. म्हणून चकाकी, लेस, मणी हे सगळं शेवटी. आधी कागद.

स्टेशनरीच्या दुकानात कार्डशीट २२ × २८ इंचांची मिळते. तिचे सरळ चार भाग केले की ११ × १४ इंचांची चार पानं निघतात, तुकडाही वाया जात नाही. जाडी २५० ते ३०० जीएसएम (दर चौरस मीटरला ग्रॅम) हवी. १८० च्या खालचा कागद फोटोंच्या वजनाने लोंबतो. रंग क्राफ्ट, ऑफव्हाइट किंवा काळा. गडद लाल आणि जांभळी शीट टाळा, ओल लागली की त्यांचा रंग शेजारच्या फोटोवर उतरतो.

पान आडवं धरा. डावीकडचा एक इंच बांधणीसाठी सोडा आणि त्या रेषेवर स्टीलची पट्टी ठेवून शाई संपलेल्या बॉलपेनने दाबून घडीची खूण करा. ही खूण नसेल तर जाड पान उलटताना भोकांपाशी फाटतं. उरली जागा १३ × ११ इंच. त्यात डावीकडे वर ८ × ६ चा एक मोठा आडवा फोटो, त्याच्या उजवीकडे ४ × ६ चा उभा, खाली ६ × ४ चा एक आडवा आणि त्याच्या शेजारी तेवढीच जागा मजकुराला. एका कार्यक्रमाला तीन फोटो पुष्कळ झाले. अकरा फोटो कोंबलेलं पान कोणीच वाचत नाही, आणि त्यातल्या आठांत पाहुण्यांचा सत्कारच असतो. मोठा फोटो काम चालू असतानाचा घ्या, बॅनरसमोरच्या रांगेचा नको. प्रिंटसाठी फोटो व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून मागवा. एरवी तो दाबून लहान होतो आणि ८ × ६ मध्ये फुटतो.

आता गोंद. फोटोच्या कागदाच्या पाठीला प्लास्टिकचा थर असतो, तो पाणी शोषत नाही. त्यामुळे ग्लूस्टिक तिथे काही महिने धरते आणि उन्हाळ्यात सुटते. फोटोला डबल साईड टेप लावा किंवा कागदी कोपरे करा: २ × ४ सेंमीची पट्टी घ्या, वरच्या लांब कडेच्या मध्यापासून दोन्ही टोकं खाली दुमडा, काटकोनी टोपी तयार होते. टोपी पानाला चिकटते, फोटो तिच्यात सरकतो. पुढे फोटो काढून स्कॅन करता येतो, हा खरा फायदा. कागदावर कागद चिकटवायला फेव्हिकॉल चांगला, पण पाणी न घालता, जुन्या कार्डाच्या तुकड्याने पातळ पसरून. जास्त लावला की कागदाची एकच बाजू ओली होऊन फुगते, वाळताना आकसते आणि पान वळतं. वरून बटरपेपर ठेवून रात्रभर जाड पुस्तकांखाली दाबा. घरची मैद्याची खळ नको, तिला कसर लागते. सेलोटेप तर अजिबात नको.

वर्तमानपत्राचं कात्रण मूळ चिकटवू नका. त्या कागदात लिग्निन हा लाकडातला घटक असतो, तो कागद पिवळा पडणारच. चांगल्या कागदावर झेरॉक्स काढा आणि मूळ कात्रण वेगळ्या पाकिटात ठेवा. पेट्रोल पंपासारख्या थर्मल कागदावरच्या पावत्यांचंही तेच, त्यांची अक्षरं उडून जातात.

सगळ्यात जास्त फसतो तो जाडीचा हिशेब. पानाच्या मधल्या भागात फोटो, खिसे, घड्या चढत जातात, बांधणीकडे मात्र नुसता कागद. वही मग तोंड वासून बसते. उपाय सोपा: प्रत्येक दोन पानांच्या मध्ये त्याच कार्डाची १ × ११ इंचांची पट्टी घालून सगळ्यांना एकत्र भोकं पाडा. एका शीटमधून अशा ५६ पट्ट्या निघतात. पट्टीने भागलं नाही तर दोन घाला. फोम टेप एका पानावर एकाच ठिकाणी. बांधायला फाइलची नाडी बरी. स्पायरल केलं की नवं पान मध्ये घालता येत नाही, आणि युनिटच्या वहीत कोणीतरी फोटो उशिरा देणारच. पानाची मागची बाजू कोरी ठेवा.

ही कोरी बाजू विशेष शिबिराच्या पानाला उपयोगी पडते. शिबिर सात दिवसांचं. पातळ रंगीत शीटची २८ × ५ इंचांची पट्टी कापा, दर चार इंचांवर उलटसुलट घडी घाला, बरोबर सात भाग होतात. दर दिवसाला एक भाग: श्रमदान कुठे झालं, बौद्धिक सत्र कशावर, संध्याकाळी काय. चिकटवायचा मात्र सातवा भाग, तोही पानाच्या उजव्या कडेला. पहिला चिकटवला तर बंद घडीवर समारोपाचा दिवस दिसतो. सातवा चिकटवला की वर पहिला दिवस येतो आणि पट्टी डावीकडे, समोरच्या कोऱ्या पानावर उलगडते.

वृक्षारोपणाच्या पानावर खरं पान हवंच असेल तर कडुनिंब किंवा करंज घ्या. वर्तमानपत्रात दाबून रोज कागद बदला, आठ-दहा दिवस तरी. पावसाळ्यात घाई केली की बुरशी शेजारच्या फोटोवर जाते. त्यापेक्षा झाडाच्या पानावर कागद ठेवून मेणखडूने उमटवलेला ठसा टिकाऊ, शिवाय शिरा जास्त स्वच्छ दिसतात. रक्तदानाच्या पानावर रक्तदात्यांचे फॉर्म किंवा नावांची यादी लावू नका; जमा पिशव्यांचा आकडा आणि रक्तपेढीचं नाव पुरे. स्वच्छता मोहिमेतली वेष्टनं आधी साबणाने धुवा, नाहीतर मुंग्या येतात. आणि प्रत्येक पानाला वारलीची किनार काढायची पद्धत आता थांबवायला हरकत नाही.

बोधचिन्ह हाताने काढत असाल तर आरे मोजा. ते कोणार्कच्या सूर्यमंदिराच्या रथाचं चाक आहे आणि त्याला आठ आरे आहेत. घाईत सहा किंवा बारा काढले जातात.

मजकुराच्या चौकोनात तारीख, ठिकाण, स्वयंसेवकांची संख्या आणि कामाचे तास लिहा. दोन वर्षांत २४० तास भरायचे असतात, त्यामुळे तासांची नोंद कार्यक्रम अधिकाऱ्यांनाही लागते. लिहायला पिगमेंट शाईचं पेन. साधं जेल पेन ओलसर बोटाने फरफटतं. फोटोतल्यांची नावं फोटो लावण्याआधी, मागच्या बाजूला, मऊ पेन्सिलीने. दोन बॅच बदलल्या की तोंडी सांगायला कोणी उरत नाही.

वही आडवी ठेवा, सोबत सिलिका जेलच्या पुड्या, आणि जूनच्या आधी त्या बदला. पण बांधण्यापूर्वी प्रत्येक पानाचा उजेडात, वरून सरळ फोटो काढून घ्या. महाविद्यालयाचं मूल्यांकन करणाऱ्या नॅक समितीच्या भेटीच्या आदल्या दिवशी कोणीतरी सॉफ्ट कॉपी मागतंच.