वाकडं लाकूड

सुताराला सरळ लाकूड लागतं. आठ-दहा फूट लांब, गाठ नाही, भेग नाही, रेषा वरपासून खालपर्यंत एका दमात गेलेल्या. वखारीतला भाव या सरळपणाचाच असतो. लेथवर, म्हणजे लाकूड गरगर फिरवणाऱ्या यंत्रावर, वाट्या-परडी कातणाऱ्या माणसाला मात्र नेमकं वखारवाल्यानं बाजूला टाकलेलं हवं असतं: फांदी फुटते ती बेचकी, बुंध्यावरची गाठ, मुळाजवळचा पिळलेला भाग, पावसात पडून डाग धरलेला ओंडका. त्यामुळे माझी खरेदी दुकानाच्या पुढच्या दारानं कधी होतच नाही. मागच्या बाजूला, ढलप्यांचा ढीग आणि त्यावर झोपलेलं कुत्रं असतं, तिथं होते.

कोल्हापुरात टिंबर मार्केट आहे, सॉमिली आहेत, लाकडाला तोटा नाही. पण तिथं मिळतं ते सगळ्यांच्या दारा-खिडक्यांत असतं. साग, त्यातही बराचसा घाना साग. मलेशियन साल. पाइन. मी एकदा एका वखारीत विचारलं, "हळद्या आहे का?" मालक अगदी आपुलकीनं म्हणाले, "हळद सांगलीला ताई. मार्केट यार्डात जावा."

हळद्या, म्हणजे हेदू, हा एका मोठ्या वृक्षाचा पिवळाधमक, बारीक पोताचा गाभा. कातायला असलं गुणी लाकूड क्वचित. पण घनफुटानं विकणाऱ्याला त्याचं गिऱ्हाईक नाही, मग तो ठेवेल कशाला? तेव्हा असलं काही हवं असेल तर ते गावाला जाता-येता गाठावं लागतं. आमच्या घरात आता सहल, लग्न, बारसं, देवदर्शन सगळ्याला ही एक पोटशाखा फुटलेली आहे. गाडीच्या डिकीत कायम असतात त्या वस्तू: घडीची करवत, कुंड्यांवर पाणी मारायची फवाऱ्याची बाटली, मेणबत्त्या आणि एक जुनी सतरंजी.

फवाऱ्याची बाटली सगळ्यात महत्त्वाची. उन्हापावसात पडलेलं लाकूड कोणतंही असो, वरून एकाच राखाडी रंगाचं दिसतं. कापल्या तोंडावर पाणी मारायचं, अंगठ्यानं घासायचं. मग आतला माणूस बोलायला लागतो. चिंच असेल तर पिवळट पांढऱ्यात मध्येच जांभळट-तपकिरी गाभा उमटतो. बाभूळ लालसर होते. फणस उजळ पिवळा. बिवळा असेल तर हाताला तांबूस पाणी लागतं. मधुमेहावर म्हणून जत्रेत लाकडी पेले विकतात ना, रात्रभर पाणी ठेवून सकाळी प्यायचे, ते याच लाकडाचे. औषधाचं वैद्य जाणोत. कातताना त्याचा भुगा घामावर बसला की ब्लाउजवर कायमचे डाग पडतात, एवढं मी सांगू शकते.

आजऱ्याच्या पुढे, आंबोलीकडे जाताना, रस्त्यालगतच्या एका घराच्या पडवीत जळण रचलेलं दिसलं. नवऱ्यानं न सांगता गाडी बाजूला घेतली, इतकी त्याला आता सवय झालीय. घरात एक आजी. मी विचारून ढिगावर पाणी मारायला लागले. काजू, काजू, ऐन, परत काजू, आणि तळाशी फणसाच्या बेचकीचा, दोन हातांत मावेल एवढा तुकडा. आजी पायरीवर बसून हा सगळा कार्यक्रम बघत होत्या.

"औषधाला न्हेतीस काय गं?"

हा प्रश्न मला सगळीकडे विचारतात. बाईमाणूस लाकूड मागतंय म्हणजे एकतर चूल नाहीतर काढा. मी मोबाईलवर माझ्या वाट्यांचे फोटो दाखवले. आजींनी फोन लांब धरला, जवळ धरला आणि म्हणाल्या, "ही तर काठवट की!"

मग काठवटीची गोष्ट सुरू झाली. सासूच्या वेळची, एकाच लाकडातून कोरलेली, भाकरीचं पीठ मळून मळून आतून काचेगत गुळगुळीत झालेली. स्टीलची परात आल्यावर ती आधी कोंबड्यांच्या पाण्याला गेली, मग तडकली, मग चुलीत. "चांगली दोन दिस जळली," असं त्यांनी कौतुकानंच सांगितलं. पैसे घेतले नाहीत. वर खोबऱ्याच्या वड्या दिल्या. फणसाची ती वाटी आता घरात आहे. कातली तेव्हा लिंबाच्या सालीसारखी पिवळी होती, उजेड खाऊन खाऊन हळूहळू मधासारखी तपकिरी होत चाललीय. फणसाचं तसंच असतं, त्याला थांबवता येत नाही.

आंबोली उतरलं की सावंतवाडी. चितार आळीतली लाकडी फळं घेतल्याशिवाय तिथून कोणी हलत नाही, पण मी दुकानदाराला विचारते ते आतल्या लाकडाचं. पूर्वीपासून यासाठी पांगारा वापरत आले, हलका आणि मऊ. त्या लाकडाला स्वतःचं रूप नाही म्हटलं तरी चालेल, सगळी शोभा वरच्या रंगाची. लाखकाम करणारे कारागीर तर रंग ब्रशनं लावतच नाहीत. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी टेकवतात, घर्षणाच्या उष्णतेनं लाख वितळून पसरते, आणि वरून केवड्याचं पान दाबून धरलं की चकाकी येते. बंगळूर-म्हैसूर रस्त्यावरच्या चन्नपट्टणातही हीच रीत, फक्त लाकूड काळ्या कुड्याचं, हस्तिदंतासारखं पांढरं. तिथं पर्यटक दुकानांत शिरतात आणि मागे अंगणात साल काढलेल्या, मनगटाएवढ्या जाडीच्या कुड्याच्या काठ्या वाळत ठेवलेल्या असतात. मी दुकान नीट बघितलेलंच नाही.

मिरजेची गोष्ट वेगळी. सतारमेकर गल्लीत तुनाचं लाकूड येतं. लालसर, हलकं, ताजं कापलं की मंद सुवास येतो. तिथले तुकडे मिळाले तर काय बहार, म्हणून मी मोठ्या आशेनं गेले होते. कारागीर एका तंबोऱ्याच्या गळ्यावर पटाशी चालवत होते. पायाशी पडलेल्या तुकड्यांकडे बोट दाखवल्यावर म्हणाले, "ह्यातला प्रत्येक तुकडा कुठंतरी बसतो बाई. टाकायचं आमच्यात काही नसतं." उत्तर ऐकून वाईट वाटायच्या ऐवजी बरंच वाटलं. जिथं लाकडाला जाणकार मालक आहे, तिथं माझं काय काम?

याचं दुसरं टोक बल्लारपूरला पाहिलं. नणंद चंद्रपूरला असते, तिच्याकडे गेलो असताना तिथला वनखात्याचा सागाचा डेपो बघून आलो. ओंडक्यांच्या लांबच लांब रांगा, प्रत्येकाच्या तोंडावर आकडे आणि हातोड्याचे शिक्के. आलापल्लीच्या जंगलातलं हे सागवान. 2023 साली अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी इथूनच मिरवणुकीनं लाकूड गेलं. बघून छाती दडपते. मी तिथल्या एका कर्मचाऱ्याला विचारलं, "वाकडं-गाठीचं काही?" ते हसले. "वाकडं डेपोत येतच नाही मॅडम. ते जंगलातच जळाऊ म्हणून ढिगात रचतात." तेव्हा सागाचा तो सगळा दिमाख पाहून मी रिकाम्या हातानं परतले. तसाही साग कातायला मला फारसा आवडत नाही. त्यात वाळूसारखी सिलिका असते, पटाशीची धार बघता बघता उतरते.

माझ्या मते महाराष्ट्रातलं कातण्याजोगं सर्वांत उपेक्षित लाकूड चिकूचं आहे. डहाणू-घोलवडच्या वाड्यांत जुन्या झाडांच्या फांद्या छाटतात किंवा वाऱ्यानं मोडतात, त्या थेट जळणात जातात. आत तांबूस तपकिरी, जड, इतकं घट्ट लाकूड की पॉलिशची गरजच पडू नये. पेरूचंही तसंच. परसदारातल्या फळझाडांच्या लाकडाला बाजारात नाव नाही, त्यामुळे भाव नाही, त्यामुळे ते मिळतं.

नाव आणि भाव असलेल्या लाकडांपासून मी लांब राहते. चंदन, खैर, शिसव या तिघांचं तर नावच काढत नाही. खैराच्या गाभ्याच्या चिपा उकळून कात करतात, त्यापायी कोकणात चोरटी तोड किती चालते ते तिथल्या माणसाला सांगायला नको. आणि शिसवीच्या सगळ्या भाऊबंदांवर 2 जानेवारी 2017 पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराचे निर्बंध आले. मेलबर्नच्या मावसभावाला शिसवीचीच वाटी हवी होती, त्याला आंब्याची पाठवली. तिकडे साल आणि किडीवरून लाकडाची कसून तपासणी होते, म्हणून तीही नीट सोलून, घासून.

आपल्याकडे 1964 चा वृक्षतोडीचा कायदा आहे. आंबा, फणस, चिंच, जांभूळ, हळदू (म्हणजे आपला हळद्याच), ऐन, किंजळ अशी झाडं त्याच्या यादीत आहेत, स्वतःच्या शेतातलं असलं तरी परवानगीशिवाय तोडता येत नाही. शिवाय लाकूड गाडीत घालून न्यायचं तर वाहतुकीच्या पासचा प्रश्न येतो. मला झाड तोडायचंच नसतं, त्यामुळे निम्मा प्रश्न सुटतो. उरलेल्या निम्म्यासाठी सरळ वनरक्षकाला गाठून विचारते. नाक्यावर अडवून चौकशी होण्यापेक्षा ते बरं. बहुतेकदा त्यांनाच जास्त उत्सुकता असते. एकानं तर घरी पडलेल्या जांभळाच्या गाठीचा फोटो पाठवलाय.

आणि देवराईत हात लावायचा नाही. तिथली पडलेली काटकीसुद्धा देवाची. उन्मळून पडलेला, मुळांसकट आडवा झालेला एक प्रचंड बुंधा मी तिथं पाहिलाय. पिळाच्या रेषा बाहेरूनच कळत होत्या. नवरा मागे उभा राहून घसा खाकरत होता. मी हात मागे बांधून बुंध्याला प्रदक्षिणा घालून आले.

स्मशानाशेजारच्या वखारीवरून मात्र आमचं खरंच वाजलं. तिथं बाभळीचा एक असा गाठाळ ओंडका उभा होता की माझी नजर हटेना. "तिथलं लाकूड घरात येणार नाही," एवढंच नवरा म्हणाला आणि गाडीचा वेग वाढवला. वखार ती वखार, लाकूड ते लाकूड, जळलेलं तर नाहीच, असा माझा युक्तिवाद अजूनही तयार आहे. सासूबाईंपुढे मांडायची छाती नाही.

निसर्ग चक्रीवादळ आलं ते 3 जून 2020 ला. रायगडच्या किनाऱ्यावर त्यानं वाड्याच्या वाड्या आडव्या केल्या. प्रवासाची बंदी उठल्यावर, पावसाळा सरता सरता, आम्ही श्रीवर्धनकडे नात्यात गेलो. सुपारी आणि नारळ काड्यांसारखे मोडलेले, आंबे मुळासकट उलथलेले, जायफळाची झाडं गेलेली. अशा ठिकाणी लाकूड मागायला जीभ रेटेना. बाटली गाडीतून काढलीच नाही. वाडीचे मालक, नात्यानं काका, स्वतःच म्हणाले, "तू ते वाट्याबिट्या करतेस ना? ने हवं ते. मला हे उचलायला मजूर लावून पैसे घालवायचेत."

आंब्याचा तो बुंधा सगळा पावसाळा ओल्या मातीत पडून होता. त्यात बुरशी शिरलेली. सुताराच्या भाषेत तो कुजका. मी टोकाची चकती कापली, पाणी मारलं, आणि फिकट पिवळ्या लाकडावर केसाएवढ्या बारीक काळ्या रेषा उमटल्या, तुटक वळणं घेत गेलेल्या, मध्येच बंद होऊन आपापले तुकडे पाडणाऱ्या. दोन वेगळ्या बुरश्या एकमेकींना भिडल्या की आपापली हद्द अशी आखून घेतात. कारागीर अशा लाकडासाठी जगभर जीव टाकतात. काका बघत होते. त्यांच्या बापानं लावलेलं झाड. त्यांनी चकतीवरून अंगठा फिरवला. म्हणाले, "पायरी होता. फळ फार गोड." माझा आनंद मी तिथं दाखवला नाही, गाडीत बसल्यावरही जरा वेळ जाऊ दिला.

घरी आणल्यावर काम संपत नाही, सुरू होतं. मधला भेंड आधी कापून काढायचा, नाहीतर तिथूनच लाकूड उकलतं. दोन्ही टोकांना वितळवलेलं मेण, कारण पाणी टोकांतूनच सगळ्यात वेगानं पळतं. मग एक इंच जाडीला एक वर्ष हा जुना हिशेब. इतका धीर नसेल तर ओलं असतानाच ओबडधोबड कातून ठेवायचं, दहा इंची वाटीची भिंत एक इंच जाड सोडायची, ती वाळताना लंबगोल होते, मग पुन्हा लेथवर चढवायची. पलंगाखाली, जिन्याखाली, धान्याच्या कोठीमागे हे सगळं वाळत पडलेलं असतं. प्रत्येक तुकड्यावर मार्करनं लिहिते: आजरा, आजी. श्रीवर्धन, काका, पायरी. पाहुणे वाचतात आणि चेहरा विचित्र करतात.

पुढच्या महिन्यात भाच्याचं लग्न धारवाडला आहे. धारवाडहून दांडेली तासा-दीड तासावर, आणि तिथं लाकडाचा धंदा जुना. पत्रिका आली तेव्हा नवऱ्यानं ती उलटसुलट करून पाहिली. "मुहूर्त साडेबाराचा. म्हणजे दांडेली दुसऱ्या दिवशी," तो म्हणाला. "पण येताना सासूबाईंचा मानाचा आहेर, फराळाचे डबे आणि तुझ्या आत्या गाडीत असणार. आत्यांच्या पायाशी ओंडके ठेवायचे नाहीत, हे आत्ताच सांगतो."

आत्यांना मी कालच फोन केलाय. त्यांची हरकत नाही, त्यांना फक्त एक पोळपाट हवाय.